पडद्याकडे पाठ

"हा माणूस पिच्चर पाहाले येते का आपल्याले पाहाले?"

माझ्या मागे बसलेल्या बाईंनी शेजारणीच्या कानात विचारलं. नागपुरात कानातलं बोलणं साधारण चार रांगांना ऐकू जातं.

"तो? तो सक्करदऱ्याचा चक्कीवाला व्हय वं. पिच्चर पसंत नाही पडलं का तो उलटा बसते."

मी खुर्चीत आणखी खाली सरकले. कारण तो उलटा बसलेला माणूस म्हणजे आमचे शेजारी वैरागडेकाका होते, आणि मी त्यांच्याबरोबरच आले होते.

त्या टॉकीजमध्ये बायकांची जागा मागे असायची. पुढे पुरुष, मध्ये कमरेएवढा लाकडी कठडा. काका पुरुषांच्या अगदी शेवटच्या रांगेत बसत. सुरुवातीला सगळं ठीक असे. मग पडद्यावर कुणीतरी काहीतरी मूर्खासारखं बोले. काका शांतपणे उठत, वळत, गुडघे खुर्चीवर टेकत, कोपरं खुर्चीच्या पाठीवर ठेवत आणि खिडकीत रेलून रस्ता बघणाऱ्या माणसासारखे आम्हा बायकांकडे तोंड करून बसत.

"काका, सरळ बसा ना गा!" कोणीतरी ओरडे.

"तू पाय ना पिच्चर. मी काय तुह्या पुढी बसलो काय?" काका मान न हलवता सांगत. "मले कानानं जे समजून राहिलं तेच लय झालं."

आणि थोड्या वेळानं कठड्यावरून माझ्याकडे वाकून विचारत, "आलं का वं, मिस?"

मी मान हलवून नाही म्हणे. अंधारात ती हललेली मान त्यांना दिसत नसे. मग ते आणखी मोठ्यानं विचारत, "आलं का?" एकदा शेंगदाणेवाला "आलो ना काका, आलो!" म्हणत थेट आमच्या रांगेत शिरला होता.

काय आलं का, ते सांगते. पण त्याआधी काकांची चक्की सांगायला हवी.

आमच्या घराच्या भिंतीला लागून वैरागड्यांची मिरचीची चक्की होती. काकू माहेरच्या भिवापूरच्या. त्यांच्या भावाकडून हंगामात मिरचीची पोती येत आणि वर्षभर दळण चाले. आमच्या घरात कोणी नुसतं नाक ओढलं तरी आई विचारी, "सर्दी का चक्की?" काकांच्या कोटात, टोपीत, मिशीत, कानाच्या पाळीतसुद्धा तिखट असे. ते बसमध्ये चढले की बस शिंकू लागे. ते लग्नाला गेले की नवरी निघण्याच्या कितीतरी आधीपासून मांडवात डोळे पुसणं सुरू होई. त्यांचे स्वतःचे डोळे कायम लाल आणि पाणावलेले. समोरचा माणूस त्यांना नेहमी ओल्या काचेतून पाहिल्यासारखा दिसे.

काकूंचं उलट. त्यांच्या डोळ्यांवर मिरचीचा काहीही परिणाम होत नसे. त्या उघड्या हातानं तिखट चाळत, त्याच हाताच्या मनगटानं कपाळ पुसत, आणि डोळे कोरडे ठणठणीत. काका गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत, "भिवापूरचा माल हाय. हिच्यावर मिरची चालत नाही."

पूर्वी या चक्कीचं बटण सुमी दाबायची. सुमी त्यांची मुलगी, एकुलती एक. शाळेतून आली की दप्तर फेकून उलट्या डब्यावर चढायची आणि दोन्ही हातांनी ते काळं बटण दाबायची. त्या वेळी कितीही गिऱ्हाइकं खोळंबलेली असोत, काका म्हणत, "थांबा जरा. आमच्या इंजिनियरबाईले येऊ द्या. तिनं बटन दाबल्याबिगर चक्की चालत नाही." सुमीला ते खरं वाटायचं. एकदा तापात पडली असताना तिनं निरोप पाठवला होता, की मी येते, लोकांना थांबवून ठेवा.

पुढे दुसऱ्या एका तापात ती गेली. तेव्हा मी सुट्टीत घरी होते. मी बोर्डिंगच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते; म्हणूनच काका मला 'मिस' म्हणत. तिथे मराठी बोललं की गळ्यात पाटी अडकवत आणि मोठ्यानं बोललं की कोपऱ्यात उभं करत. त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले होते. शाळा संपवून मी कायमची घरी आले, तेव्हा आईला काळजी पडली. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाऊन पडद्याच्या फटीतून त्यांचे जोडे बघत बसे. "ही बोलणार कधी?" आई म्हणे. काका म्हणाले, "वहिनी, पोरीले माझ्यासंगं पिच्चरले पाठवा. मले एक माणूस पाहिजेच आहे."

त्यांना माणूस कशाला पाहिजे होतं, ते टॉकीजच्या दारात कळलं. काकू तिकिटाच्या खिडकीपाशी गेलेल्या पाहून ते मला म्हणाले, "तू काकूच्या बाजूले बसजो. पिच्चर पाहू नोको. काकूचे डोये पाहाजो. पाणी आलं का मले सांग. माह्या डोयांचं तं हे असं," आणि त्यांनी दोन्ही डोळे उपरण्यानं पुसले, त्यामुळे ते आणखीच वाहू लागले.

मी प्रश्नार्थक पाहिलं.

"पिच्चरचं माप आहे ते," काका म्हणाले. "या तिखटावाल्या दुनियेत कोणीबी रडते. पण भिवापूरच्या बाईले रडवलं तं ते खरं पिच्चर. बाकी भरडा."

काकांची टीका सगळी चक्कीच्या भाषेत चाले. चांगलं ते 'बारीक दळलेलं'. वाईट ते 'भरडा'. एका नामांकित प्रेमकथेबद्दल ते इतकंच म्हणाले होते, "देठासकट दळलं गा."

गावात कुठेही रडकं पिच्चर लागलं की आम्ही तिघं जायचो. आंधळी आई, परतलेला भाऊ, चुकीनं फाशी गेलेला बाप, गाय विकणारी विधवा, सगळं पाहिलं. काकू शेंगदाणे खात बसत. त्यांची पद्धत ठरलेली होती. टरफल अंगठ्यानं फोडायचं, टक्. दाणे तोंडात, टरफलं ओच्यात. पडद्यावर प्रेतयात्रा चाललेली असो की भूकंप, टक्, टक्, टक्. आजूबाजूच्या बायका काकांच्या कोटामुळे हुंदके देत असत आणि मध्ये काकू कोरड्या डोळ्यांनी दाणे निवडत असत.

मग ते गेटमनचं पिच्चर आलं.

त्याचं नाव सांगत नाही. काढणारे अजून असतील, त्यांना वाईट वाटेल. पिच्चर वाईटच होतं. एका रेल्वे फाटकावरचा गेटमन, त्याची लहान मुलगी छबी, आणि त्यांच्याभोवती इतके लोक, की ते फाटकावर कशाला जमले आहेत ते शेवटपर्यंत कळलं नाही. एक सावकार होता, तो प्रत्येक वाक्यानंतर हसायचा. एक वकील होता, त्याचा खटला अर्ध्यात विसरला गेला. आणि एक विनोदी मेहुणा होता, तो सारखा कशात तरी पडायचा.

पण गेटमनचं काम करणारा तो नट! मी तोवर पुष्कळ इंग्रजी पिच्चरं पाहिली होती आणि मराठी नटांबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं, हे कबूल करते. तो माणूस नुसता कंदील पुसायचा आणि मला बघत राहावंसं वाटायचं. बैल एकटा गाडी ओढतो आणि बाकीचे वर बसून गाणी म्हणतात, तसं ते पिच्चर होतं.

छबी रोज बापाच्या हातातली हिरवी झेंडी घेऊन गाडीला दाखवायची. मध्यंतरानंतर ती मरते. दुसऱ्या दिवशी गाडीची वेळ होते. गेटमन झेंडी घेऊन उभा राहतो. गाडी येते, धडधडत निघून जाते. तो झेंडीकडे बघून हळूच म्हणतो, "छबे, मी तुला सांगत होतो ना, तू झेंडी दाखवल्याशिवाय गाडी जात नाही म्हणून? ते खोटं होतं गं. गाडी जाते. तू नसलीस तरी गाडी जाते."

मी ठरल्याप्रमाणे काकूंकडे पाहत होते. काकूंचा अंगठा टरफलावर होता आणि तो तिथेच थांबला. फोडलेल्या शेंगेतला एक दाणा अर्धा बाहेर आला होता. काकू श्वास घेत नव्हत्या.

आणि पडद्यावर मेहुणा चुन्याच्या पिंपात पडला. पांढराफटक होऊन उठला आणि बायकोला भूत वाटलं म्हणून तिच्याबरोबर गाणं म्हणू लागला.

टक्.

टरफल फुटलं. काकू दाणे चघळू लागल्या.

काका तोवर गर्रकन वळले होते. "आलं का?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज त्या दिवशी निराळा होता. मी माझा अंगठा दुसऱ्या हाताच्या बोटावर टेकवून थांबवून दाखवला, मग पडद्याकडे बोट केलं, मग अंगठा पुन्हा हलवला. सगळ्या टॉकीजमध्ये ते फक्त त्यांनाच समजलं असतं, आणि त्यांना समजलं. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पडद्याकडे न बघताच मेहुण्याला एक शिवी दिली.

आम्ही रविवारी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. अंगठा थांबला, पिंप आलं, टक्.

पिच्चर गुरुवारी उतरणार होतं. टॉकीजच्या मॅनेजरला मात्र ते चांगलं चाललंय असं वाटत होतं, कारण काका ज्या खेळाला येत त्या खेळातून लोक डोळे पुसत बाहेर पडत. त्यानं बाहेर पाटीही लावली होती: 'सोबत रुमाल आणावा.' पाटी वाचून रुमाल घेऊन आलेले लोक, ज्या खेळाला काका नसत त्या खेळात, कोरडे रुमाल घेऊन संतापानं बाहेर पडत.

बुधवारी काकांनी नव्या दळणाची पिशवी घेतली, मला घेतलं आणि मॅनेजरच्या खोलीत गेले. काकूंना बरोबर आणलं नव्हतं.

"साहेब, ते पिंप कापा," काका म्हणाले.

"कोणतं पिंप?"

"चुन्याचं. मेहुणा पडते ते. गाण्यासकट."

मॅनेजर हसला. "काका, तेवढंच तं चांगलं आहे पिच्चरमधी. लोक शिट्ट्या मारतात."

"तुमी दुसऱ्या हप्त्यात गाणी कापत नाही काय? कापता ना? मले सारं मालूम आहे. उद्याच्या मॅटिनीले कापा. एकच खेळ. मंग पुन्हा चिकटवून टाका अन् त्याले लागन तितक्या पिंपात पाडा."

"पण काहून?"

 काकांनी डोळे पुसले, पण ते तर ते दिवसभर पुसत.

"आमची सुमी गेली, तवापासून तिच्या माईच्या डोयात टिपूस नाही आलं," ते म्हणाले. "त्या दिवशी घर मान्सानं भरलं होतं. अन् या बाईनं उठून चक्कीचं बटन दाबलं. कोनाचं दळण राहिलं होतं म्हणे, ते दळलं. सारे रडून राहिले होते, मिरचीनं का दुखानं कोनास ठाऊक. हीच कोरडी. लोक म्हनत, काय बाई आहे! मी म्हटलं, एकटी असन तवा रडत असन. नाही गा. रात्री जागी पडून राहते नुसती. आतून वाळून चालली. मिरचीचं ठीक आहे, मिरची वाळवतात. मान्साले कसं वाळू द्याचं?"

मॅनेजर हातातली पेन्सिल फिरवायचा थांबला.

"तुमचं पिच्चर भरडा आहे साहेब, राग नोका येऊ देऊ. पण तो गेटमन बारीक दळते. तो तिले अगदी काठावर आणते. या पोरीनं पाहिलं. इचारा तिले."

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एवढ्या दिवसांत माझी हललेली मान पहिल्यांदाच उजेडात होती.

त्यानं ऑपरेटरला बोलावलं. ऑपरेटर चांगला माणूस होता. त्यानं रीळ कुठून कुठवर कापायचं ते नीट ऐकून घेतलं. काकांनी कृतज्ञतेनं तिखटाची पिशवी त्याच्या हातात दिली. "घरी न्या. खास आहे." ऑपरेटरनं पिशवी तिथेच उघडून चिमूटभर तिखट बोटांवर चोळून पाहिलं, वास घेतला, "वा!" म्हणाला आणि त्याच बोटांनी डोळा चोळत वरच्या खोलीत कात्री घेऊन गेला.

हे मी स्वतः पाहिलं होतं. मी काहीही बोलले नाही. मी तेव्हा कधीच काही बोलत नसे.

गुरुवारच्या मॅटिनीला आम्ही वेळेआधीच गेलो. काकांनी धुतलेला कोट घातला होता, पण त्या कोटातून तिखट काढायचं तर कोटच काढून टाकावा लागला असता. काकूंनी शेंगा घेतल्या. "शेवटचं पाहून घ्या जी," त्या काकांना म्हणाल्या, "इतकं नावं ठेवता अन् तिसऱ्या बारी येता." काका नुसते हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते पडद्याकडे तोंड करून बसले. सावकार हसला तरी वळले नाहीत. वकील खटला विसरला तरी वळले नाहीत.

छबी मेली. फाटकावर सकाळ झाली. गेटमननं झेंडी उचलली. काकूंचा अंगठा मंदावला.

आणि मेहुणा धाडकन चुन्याच्या पिंपात पडला.

ऑपरेटरनं उलटं कापलं होतं. गाडी आलीच नाही. गेटमन बोललाच नाही. त्याच्या जागी सगळ्या पडद्यावर पांढराफटक मेहुणा उभा राहून गाऊ लागला.

टक्, काकूंनी शेंग फोडली.

"अबे!" काका ओरडले. "अबे, तो कुठी गेला? गेटमनले काहून कापलं बे?"

"खाली बसा गा!" चारही बाजूंनी आवाज आले.

काका खाली बसले नाहीत. ते खुर्चीवर चढले. पडद्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी ओढून हातात घेतलं आणि झेंडीसारखं उंच धरलं. झटक्यासरशी कोटातून तिखटाचा लोट निघाला. पुढच्या चार रांगा एकदम शिंकल्या.

"गाडी आली!" काका म्हणाले. त्यांनी गाडीकडे पाहिलं. म्हणजे डावीकडून उजवीकडे, शिंकणाऱ्या लोकांवरून नजर फिरवली, ती जाईपर्यंत. मग त्या उपरण्याकडे पाहिलं. त्यांच्या मागे मेहुणा कंबर हलवत होता आणि त्याचा पांढरा पाय मधूनमधून काकांच्या डोक्यावर येत होता.

लोक हसत होते, शिंकत होते, शिट्ट्या मारत होते. काकू शेंग हातात धरून म्हणाल्या, "अवो, काय करून राहिले तुमी? उतरा ना जी खाली." त्यांना हसू येत होतं. काकूंना हसताना मी फार दिवसांनी पाहत होते.

"छबे," काका म्हणाले, गेटमनच्या हळू आवाजात. त्या गोंधळातही तो आम्हाला ऐकू आला. "मी तुले सांगत होतो ना, तू झेंडी दाखवल्याबिगर..."

ते थांबले. मला वाटलं, पुढचं विसरले. ते विसरले नव्हते.

"तू बटन दाबल्याबिगर चक्की चालत नाही, असं मी सांगत होतो ना?" काका म्हणाले. "ते खोटं होतं वं. चालते. तू नसली तरी चक्की चालते, सुमे. रोज चालते."

उपरणं खाली आलं.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून तसंच होतं. फक्त हातातली शेंग नव्हती. ओच्यातली टरफलं सगळी खाली सांडली होती आणि त्या ती गोळा करत नव्हत्या. दोन्ही हात उघडे मांडीवर पडले होते. आणि त्या भिवापूरच्या डोळ्यांतून, ज्यांच्यावर कोणतीही मिरची चालत नसे, पाणी सरळ हनुवटीपर्यंत येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मग त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी लिहू शकत नाही.

गाणं जोरात चाललं होतं. टॉकीजभर माणसं नाक शिंकरत होती. मॅनेजर बॅटरी घेऊन रांगेतून धावत येत होता. खुर्चीवर उभे असलेले काका लालभडक डोळे बारीक करून आमच्याकडे बघत होते आणि त्यांना काहीही दिसत नव्हतं. ते वाकले. या वेळी ते ओरडले नाहीत. आपण विचारतो आहोत याचीच भीती वाटावी, इतक्या हळू त्यांनी विचारलं, "मिस, आलं का वं?"

मी मान हलवली. मग मला आठवलं की अंधार आहे.

मी खुर्चीवरून उठले आणि सगळ्या टॉकीजला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "आलं जी काका! काकूले रडू आलं!"